पाया खरा, वाडा नवा

आत्याला गव्हर्नरचा वाडा आवडला आणि तिथूनच आमचं वाजलं.

तिला तो आवडण्यात गैर काही नव्हतं. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचा गव्हर्नर्स पॅलेस आहेच देखणा. लाल विटांच्या भिंती, चढं छप्पर, माथ्यावर पांढरी घुमटी. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे एकशिंगी घोडा, म्हणजे इंग्लंडच्या राजाचं निशाण. व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हा १६९९ पासून विल्यम्सबर्ग तिची राजधानी होतं. पुढे १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली. राजाच्या वतीने कारभार करणारे सात गव्हर्नर या वाड्यात राहून गेले आणि अमेरिकन क्रांतीच्या काळात निवडून आलेले दोन, पॅट्रिक हेन्री आणि थॉमस जेफरसन.

आत्या पुण्यात आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेली. मी रिचमंडला राहतो आणि जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. आमच्या घराण्यात असा समज आहे की म्हातारी माणसं जुन्याला धरून बसतात आणि आर्किटेक्ट लोकांना नवीन बांधायची खुमखुमी असते. विल्यम्सबर्गला नेमकं उलटं झालं.

"आत्या, आधीच सांगून ठेवतो, हा वाडा १९३४ सालचा आहे," फाटकापाशी मी म्हणालो. "मूळ वाडा १७८१ च्या डिसेंबरात जळला. बावीस तारखेला."

"मग मधली दीडशे वर्षं इथे काय होतं?"

"शेवटी शेवटी शाळा होती."

ती जागच्या जागी थांबली. "शाळा पाडून वाडा बांधला?"

"हायस्कूल होतं, १९२१ साली बांधलेलं. गावाला दुसरी शाळा बांधून दिली आणि ही पाडली. नुसती शाळाच नाही, गावातल्या सातशेच्या वर इमारती पाडल्या. का, तर त्या १७९० नंतरच्या होत्या. मूळच्या ८८ उरल्या होत्या त्या दुरुस्त केल्या आणि शेकडो 'जुन्या' इमारती नव्याने उठवल्या."

"पैसा कोणाचा?"

"जॉन रॉकफेलर धाकटा."

"दुसरी शाळा बांधून दिली ना? मग ठीक आहे," असं म्हणून ती पुढे चालू लागली.

रॉकफेलरला या नादाला लावणारा माणूस होता इथल्या ब्रुटन पॅरिश चर्चचा पाद्री, डब्ल्यू. ए. आर. गुडविन. १९२६ पासून गावातली एकेक जागा त्याने गुपचूप विकत घ्यायला सुरुवात केली. खरं गिऱ्हाईक कोण हे कळलं असतं तर भाव गगनाला भिडले असते, म्हणून रॉकफेलरची तार यायची ती 'डेव्हिडचे वडील' अशा सहीने. हा पाद्री इतकी घरं घेऊन करणार तरी काय, म्हणून गावकरी चक्रावले होते. १९२८ साली गावसभेत नाव फुटलं. आत्याला ही हकिगत इतकी आवडली की रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी अमेरिकन बाईला तिने ती तिथल्या तिथे इंग्रजीत सांगून टाकली.

आत शिरल्यावर पहिलं दालन म्हणजे शस्त्रागारच. अक्रोडाच्या लाकडाच्या भिंती आणि त्यांवर बंदुका, पिस्तुलं, तलवारी, अगदी नक्षीत मांडलेल्या. वर छताकडे पाहावं तर तिथेही बंदुकांचं चक्र. गुडघ्यापर्यंतची विजार आणि लांब मोजे घातलेला वाटाड्या सांगत होता की गव्हर्नरच्या भेटीला येणाऱ्याला याच दालनात थांबावं लागे.

"म्हणजे आधी बंदुका मोजायच्या, मग गव्हर्नरला मुजरा," आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे खिळे हत्तीसाठी. हे खिळे माणसांसाठी."

"यातली एकही बंदूक मूळची नाही, आत्या. जून १७७५ मध्ये गव्हर्नर डनमोर पळून गेल्यावर गावातल्या पोरांनी येऊन त्या उचलून नेल्या."

"तेच तर. कोणाला भीती घालायला लावल्या होत्या आणि कोणी काढून नेल्या, हे मला इथे उभं राहून कळलं. रिकाम्या जोत्यावर कळलं असतं?"

पुढे दिवसभर तिने हाच प्रश्न मला वेगवेगळ्या कपड्यांत विचारला.

माझं म्हणणं मी तिला पायऱ्या चढता चढता सांगितलं. आमच्या धंद्यात १९६४ ची व्हेनिसची सनद प्रमाण मानतात. तिचा मथितार्थ असा की अवशेष सापडतील तसे जपावेत. पडलेले मूळ दगड पुन्हा जागेवर बसवायला हरकत नाही, पण नव्याने इमारत उठवायची नाही. कारण अंदाज जिथे सुरू होतो तिथे जतन संपतं. पाहणाऱ्याला खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे उमगलं नाही, तर आपण त्याला फसवतोय.

"अंदाजाने बांधलाय का हा?"

इथे मला खरं ते सांगावं लागलं, कारण या वाड्याची कागदपत्रं खरोखर असामान्य आहेत. थॉमस जेफरसन इथे राहत होता तेव्हा, १७७९ च्या सुमारास, त्याने वाड्यात फेरफार करण्याच्या विचाराने तळमजल्याचा नकाशा काढला होता, खोल्यांच्या मापांसकट. तो मॅसॅच्युसेट्समध्ये जपून ठेवलेला निघाला. मग १९२९ च्या अखेरीस ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात मेरी गुडविन या संशोधिकेला तांब्याचा एक कोरीव पत्रा सापडला. १७४० च्या सुमाराचा. त्याच्यावर विल्यम्सबर्गच्या मोठ्या इमारती कोरलेल्या, त्यात हा वाडा समोरून: खिडक्या किती, घुमटी कशी, सज्जा कुठे. तिसरी साक्ष जमिनीची. १९३० पासून खोदाई झाली तेव्हा पाया आणि तळघर जागच्या जागी होतं आणि तळघरात वरून कोसळलेला सगळा राबिट. नकाशा पायाला जुळला. आज उभा आहे तो वाडा त्याच पायावर.

"आणि आतलं सामान?"

"त्याची तर यादीच आहे. लॉर्ड बॉटेटॉर्ट नावाचा गव्हर्नर १७७० च्या ऑक्टोबरात इथेच वारला. त्याच्या मागे मालमत्तेची नोंद झाली. ६१ जागा, खोल्या, कोठ्या, तळघरं सगळं धरून, आणि १६,००० च्या वर वस्तू. कुठल्या खोलीत काय."

आत्याच्या चेहऱ्यावर मी जी चमक पाहिली ती मला ओळखीची होती. लहानपणी पेशवे दफ्तरातल्या कुठल्याशा खर्चाच्या यादीबद्दल बोलताना तिचा चेहरा असाच व्हायचा. "सोळा हजार! मेला तो एकटा, नाही? बायकोमुलं असती तर कोणी एवढं मोजलं नसतं. परस्पर वाटून टाकलं असतं."

बॉटेटॉर्ट अविवाहितच होता. मी काही बोललो नाही.

"मग तुझी तक्रार काय आहे नेमकी? नकाशा आहे, चित्र आहे, पाया आहे, यादी आहे. अरे, एवढ्या पुराव्यावर कोर्टात जन्मठेप होते."

"तक्रार अशी की एवढं असूनही १९३४ साली चुकलेच. त्या वेळी खोल्या सजवल्या त्या १९३० च्या श्रीमंत अमेरिकनांना अठरावं शतक जसं असावंसं वाटत होतं तशा. उंची फर्निचर, गालिचे, सगळीकडे डौल. यादी तेव्हाही होती. ती नीट वाचून खोल्या पुन्हा लावल्या १९८१ मध्ये. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं लाखो लोकांनी जे पाहिलं ते रॉकफेलरच्या काळातलं स्वप्न होतं."

"आणि मग सुधारलं."

"पन्नास वर्षांनी!"

"आमचं पाठ्यपुस्तक सुधारायला किती लागतात, माहीत आहे तुला? मी जे शिकवलं त्यातलं निम्मं नंतर बदललं. म्हणून काय आधीच्या पोरांना कोरी पुस्तकं द्यायची होती?"

"पुस्तकात चूक झाली तर पान बदलतं. इमारत चुकीची बांधली तर खालचा पुरावाही जातो. पाया खोदला की पुन्हा खोदता येत नाही."

यावर ती क्षणभर गप्प झाली. मला वाटलं मुद्दा पोचला. तर म्हणाली, "हा नाचाचा हॉल ना? मग निळा का? मला पांढरा वाटला होता."

नाचघराच्या भिंतींना बॉटेटॉर्टने साधा निळा कागद लावला होता. तो निळा आता पुन्हा आणलाय आणि तो खरोखर डोळ्यांत भरतो. दोन्ही बाजूंना राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांची माणसाएवढी चित्रं. जानेवारी १७७५ मध्ये राणीच्या वाढदिवसानिमित्त इथे मोठा नाच झाला. त्याच सुमारास डनमोरच्या तान्ह्या मुलीचं बारसं होतं आणि वसाहतीला खूश करायला तिचं नाव ठेवलं होतं व्हर्जिनिया. तीन महिन्यांनी, २१ एप्रिलच्या पहाटे, याच डनमोरने गावच्या कोठारातली बंदुकीची दारू गुपचूप जहाजावर नेली. गाव पेटून उठलं. तेव्हा त्याने धमकी दिली की मला हात लावलात तर तुमचे गुलाम मोकळे करीन आणि गाव जाळून टाकीन. जूनमध्ये तो बायकामुलांसह जहाजावर पळाला आणि नोव्हेंबरात जाहीरनामा काढला: बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते स्वतंत्र.

"आणि ह्याचे स्वतःचे गुलाम?"

"ते होतेच की."

"वा!" आत्या म्हणाली. तिचा हा 'वा' मी वर्गातल्या बेशिस्त पोरांसाठी ऐकलेला आहे.

मागच्या बागेत आलो. कातरलेल्या झुडपांच्या रांगा, होली झाडांचा भुलभुलैया, खाली उतरत गेलेला कालवा. ही बाग पाहिली की माझं डोकं फिरतं, कारण झाडं तर सरळसरळ विसाव्या शतकातली आणि लोक म्हणतात, 'अहाहा, अठरावं शतक!' पण बागेच्या एका कोपऱ्यात एक साधा चौकोन आहे. खोदाई करताना तिथे कबरी लागल्या. १५६ पुरुष आणि २ स्त्रिया.

"हे कोण?"

"अमेरिकन सैनिक. १७८१ च्या ऑक्टोबरात इथून जवळच यॉर्कटाउनला लढाई झाली. त्यानंतर हा वाडा सैनिकांचं इस्पितळ झाला. वाचले नाहीत ते इथे पुरले. आगीच्या वेळीही इथे इस्पितळच होतं. या सगळ्या आवारात पाया सोडला तर अस्सल म्हणावं असं हे एवढंच आहे, आत्या. नावं नाहीत, काही नाही. आणि लोक भुलभुलैयाकडे पळतात."

"वाडा बांधायला काढला नसता तर ही माणसं सापडली असती?"

याला माझ्याजवळ उत्तर होतं. नुसत्या उत्खननानेही सापडली असती. पण नुसत्या उत्खननाला १९३० साली पैसे कोणी दिले असते, हे तिने पुढे विचारलं असतं, म्हणून मी ते उत्तर दिलं नाही.

"यॉर्कटाउनला हरला तो कॉर्नवॉलिस ना?" ती कबरींकडे बघत म्हणाली. "आपला कॉर्नवॉलिस?"

आपलाच. यॉर्कटाउनला १९ ऑक्टोबर १७८१ ला शरण आलेला हा सेनापती पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. टिपूविरुद्ध त्याने निजामाला आणि मराठ्यांना जोडीला घेतलं. पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि नाना फडणवीस यांच्यात बोलणी होऊन १७९० मध्ये तह झाला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन श्रीरंगपट्टणला गेले ते याच कॉर्नवॉलिसबरोबर. शेवटी १८०५ साली गाझीपूरला वारला तो.

"आणि तो तह कुठे झाला?" आत्याने विचारलं. आता तिची पाळी होती. "शनिवारवाड्यात. गणेश रंगमहालात. सवाई माधवराव गादीवर, मॅलेट समोर, सगळा दरबार बसलेला. त्याचं चित्र आहे, तुला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात राहून त्याची तयारी केली, पण तो १७९५ साली वारला आणि पुढे थॉमस डॅनिएलने लंडनमध्ये ते चित्र पुरं केलं. आज ते टेट संग्रहालयात आहे. कोरीव सुरूचे खांब, कमानी, समोर गणपती. ते दालन १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याबरोबर जळालं.

"हा तुझा बॉडलियनचा पत्रा!" आत्या विजयी मुद्रेने म्हणाली. "पाया आहे, कारंजं आहे, चित्र आहे, दफ्तरात खर्चाच्या याद्या आहेत. मग आमचा वाडा का नाही बांधायचा? पोरांना घेऊन जायचे मी. जोत्यावर उभं करायचे आणि सांगायचे, इथे दरबार भरायचा. पोरं इकडेतिकडे बघायची. त्यांना दिसायचं गवत आणि सावलीत डबे खाणारी माणसं. एकदा एका पोराने विचारलं, 'बाई, एवढ्या मोठ्या पेशव्यांच्या घराला भिंती का नव्हत्या?'"

"छान प्रश्न आहे."

"छान? मला रडू आलं होतं."

"अगं, पण त्याने प्रश्न विचारला! इथे कोणी विचारतंय का? सगळं तयार मिळाल्यावर विचारायला उरतं काय? आणि तुझ्या चित्राचं सांगायचं तर डॅनिएलने ते लंडनला बसून रंगवलं. खांब किती होते, रंग कुठला, गणपती तिथेच होता का, हे त्याच्यावरून बांधायचं? त्यात तो एक दरबार मिळेल. बाकीचे मजले कुठून आणणार? आणि बांधताना कुठला शनिवारवाडा बांधायचा? पहिल्या बाजीरावाने १७३२ साली वास्तुशांत केली तो की नानासाहेबांनी वाढवलेला की सवाई माधवरावांचा? विल्यम्सबर्गने निवड केली, मोठ्या लोकांचा काळ निवडला आणि पुढची दीडशे वर्षं पुसून टाकली. तीच निवड पुण्यात कोण करणार? जो निवडून येईल तो."

तिने हे ऐकून घेतलं, ते मी मानलं. आमच्याकडे निवडून येणाऱ्यांचा विषय निघाला की तिची बाजू एरवी पंधरा मिनिटं चालते.

"जोत्यावर जोतंच दिसतं, तू म्हणतोस ते खरं," ती म्हणाली. "पण जोतंही काही निष्पाप नसतं रे. शनिवारवाडा जळल्यावर तिथे तुरुंग होता, इस्पितळ होतं, काय काय होतं. ते सगळं काढून, साफसूफ करून, हिरवळ लावून ठेवलंय. तीही निवडच. तुझी सनद हिरवळीबद्दल काही म्हणते का?"

हा मुद्दा चांगला होता आणि तो मी वापरणार आहे, तिचं नाव न घेता.

स्वयंपाकघर वाड्यापासून वेगळं आहे, आगीच्या भीतीने. आत चुलाणात लाकडं धडधडत होती आणि जुन्या पद्धतीचा पोशाख घातलेला माणूस कसलासा लगदा साच्यात भरत होता. जुन्या पाककृतींवरून इथे खरोखर शिजवतात. आत्याने त्याला आधी साच्याबद्दल विचारलं, मग थेट, "भांडी कोण घासायचं?"

त्याने टाळलं नाही. सांगितलं की काही गोरे नोकर होते आणि गुलाम होते. क्रांतीच्या आधी विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोक काळे होते, बहुतेक सगळे गुलाम. झोपायचे कुठे, असं तिने विचारलं. माळ्यावर, तबेल्यावर, जिथे जागा मिळेल तिथे, असं तो म्हणाला.

"यादी सोळा हजार वस्तूंची," बाहेर येऊन ती म्हणाली, "आणि ही माणसं कुठल्या खोलीत दाखवलीत?"

"आता दाखवतात. आधी दाखवत नव्हते. हे गाव उघडल्यावर चाळीसेक वर्षं इथला इतिहास म्हणजे गव्हर्नर, जेफरसन, विग आणि मेणबत्त्या. गुलामांच्या भूमिका करायला काळे कलाकार घेतले ते १९७९ मध्ये. आणि १९९४ मध्ये यांनी रस्त्यावर गुलामांच्या लिलावाचा प्रयोग केला, त्यावर केवढं रान पेटलं. काळ्यांच्या संघटनांनीच निषेध केला, आमच्या पूर्वजांच्या दुःखाचा तमाशा करू नका म्हणून."

"आणि प्रयोग कोणी बसवला होता?"

"इथल्या आफ्रिकन-अमेरिकन विभागाने. प्रमुख होती क्रिस्टी कोलमन, स्वतः काळी. तिने स्वतः त्यात गुलाम बाईचं काम केलं. पाहून झाल्यावर निषेध करणाऱ्यांतल्या एका पुढाऱ्याचं मत बदललंही."

"मग? पाहिल्यावर बदललं ना?"

"पुन्हा मात्र तो प्रयोग झाला नाही, आत्या."

इथे आम्ही दोघंही थोडे थकलो होतो. गावाच्या मुख्य रस्त्याने, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटने, घोडागाडी जात होती. आत्याला त्या घोड्यांची दया आली आणि मला गाडीवानाच्या कमरेला लटकलेल्या मोबाइलची गंमत वाटली. मी तिला म्हणालो, चल, तुला एक खरी गोष्ट दाखवतो.

ब्रे स्कूल ही एक छोटी, साधी, लाकडी इमारत आहे. वाड्यापुढे तिचा थाट काहीच नाही. लंडनच्या एका धर्मादाय संस्थेने १७६० साली काळ्या मुलांसाठी इथे शाळा काढली, बहुतेक सगळी गुलामांची मुलं. ॲन वेजर ही विधवा बाई १७७४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शिकवत होती. तिच्या हाताखालून तीनशेच्या वर मुलं गेली असावीत. मग शाळा बंद पडली आणि इमारत विसरली गेली. वाढवली, हलवली, कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच कामाला वापरली. २०२० मध्ये तिच्या जुन्या लाकडांची वर्षवलयं तपासली तेव्हा कळलं की ती झाडं १७५९-६० च्या हिवाळ्यात तोडलेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अख्खी इमारत चाकांवर चढवून रस्त्याने इथवर आणली.

आत्याने दाराच्या चौकटीवर हात ठेवला. आत काय मांडलंय ते तिने बराच वेळ पाहिलंच नाही, नुसती भिंतीच्या फळ्या न्याहाळत राहिली.

"काय शिकवायची?"

"वाचन. धर्माची पुस्तकं. मुलींना शिवण. आणि मालकाची आज्ञा पाळणं हा देवाचा हुकूम आहे, हे. संस्थेचा हेतू तोच होता."

"वाचायला शिकवल्यावर ते कुठे थांबतंय," ती म्हणाली. "हुकूमही वाचतील आणि पळालेल्या गुलामाची जाहिरातही वाचतील." मग जरा थांबून, "हे मात्र तुझ्या बाजूचं आहे. हे लाकूड तेव्हाचं आहे म्हणून मला इथे वेगळं वाटलं, वाड्यात नव्हतं वाटलं."

मी गप्प राहिलो. अशा वेळी आत्याला दुजोरा दिला की ती मागे फिरते.

"पण भिडे वाड्याचं काय?" ती एकदम म्हणाली.

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली तिथे मुलींची शाळा काढली. खाली दुकानं, वरचे मजले मोडकळीला आलेले, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला, राष्ट्रीय स्मारक करण्यासाठी.

"मी बघायला गेले नाही," आत्या म्हणाली. "एकदा मात्र पाडायच्या आधी मुलींना घेऊन समोर उभी राहिले होते. दुकानाच्या पाट्या आणि वर वाकलेला सज्जा. एवढंच. तरी त्या मुली ओळीने नमस्कार करून आल्या. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तो मोडका वाडाच टेकू लावून ठेवायला हवा होता?"

"जेवढा टिकला असता तेवढा, हो."

"पडला असता कुणाच्या तरी अंगावर."

"ही शाळा चाकांवर आली, आत्या. अडीचशे वर्षांचं लाकूड. तो वाडा वाचवणं सोपं नव्हतं, मला कबूल आहे. पण आता तिथे हुबेहूब जुन्यासारखा वाडा उठवतील, सागवानी दिसणारं काँक्रीट लावतील आणि खाली लिहितील की इथे शाळा भरत होती, तर ते मला नको."

"आणि तुला काय हवंय? जोतं?"

"जोतं. जुन्या भिंती होत्या तिथे जमिनीत रेघ. बाजूला कागदपत्रं."

"आणि मुलींनी बसायचं कुठे? मी तिथे वर्ग मांडणार. फळा, पाट्या, सतरंजी."

"सतरंजी होती हे तुला कशावरून माहीत?"

"मग काय उभ्या राहून शिकल्या?"

"माहीत नाही, हेच तर म्हणतोय! इथे सोळा हजार वस्तूंची यादी होती तरी चुकले. तिथे तुझ्याकडे काय आहे?"

आत्या दारातून बाहेर आली आणि पायरीवर बसली. मागून येणाऱ्या मुलांच्या घोळक्याला तिने जागा करून दिली. मग म्हणाली, "पाडायच्या आधी मोजमापं घेतली होती का कोणी? नीट, जेफरसनसारखी?"

"विचारावं लागेल."

"मग विचार. तुझा धंदाच आहे तो. घेतली असतील तर मला आणून दाखव, मी तुझ्याशी पुन्हा भांडीन. नसतील तर तुझ्या जोत्याला माझं मत." तिने चष्मा पुसला. "उघड्या जोत्यावर वर्ग भरवायला तुझी व्हेनिसची सनद आड येते का?"

"नाही."

"मग झालं," आत्या म्हणाली आणि मी हात देण्याआधीच उठली.